गौण खनिज उत्खननाचे प्रदूषण : नांदेड व लातूर जिल्हे

वाळू, मुरूम, डबर, खडी व इमारती दगड यांच्या उत्खननामुळे हवा, पाणी, जमीन आणि नदीपात्र यांची होणारी हानी, ती भरून काढण्याचे उपाय आणि त्याबाबतची माहिती बाधित गावांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. खाणीचे प्रदूषण म्हटले की चंद्रपूरचा कोळसा नाहीतर गोव्याचे लोहखनिज डोळ्यांसमोर येते. मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांत तशा अजस्र खाणी नाहीत. आहेत त्या गावोगावच्या लहान खदानी, खडी क्रशर आणि वाळूघाट. एकेक लहान असल्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि हानी मात्र बेरजेने वाढत जाते.

खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ याने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. महाराष्ट्राने त्यानुसार २०१३ मध्ये गौण खनिज उत्खनन नियम केले. प्रत्यक्ष कारभार महसूल खात्याकडे आहे : जिल्हाधिकारी, जिल्हा खनिकर्म अधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी. धूळ व सांडपाणी यांची जबाबदारी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. वाळू उपसली तर महसूलकडे जायचे, धूळ उडाली तर मंडळाकडे. तक्रारदाराची अर्धी दमछाक या विभागणीतच होते.

लातूर जिल्हा आणि नांदेडचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसला आहे. देगलूर-बिलोली भागात मात्र ग्रॅनाइट व नाइस हे त्याहून फार जुने खडक उघडे पडतात. हा फरक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका नगण्य असते, तर ग्रॅनाइटमध्ये भरपूर. त्यामुळे ग्रॅनाइट फोडणाऱ्या कामगाराला सिलिकोसिस या फुप्फुसाच्या असाध्य रोगाचा धोका अधिक. बेसाल्टची धूळ निरुपद्रवी, असा मात्र याचा अर्थ नाही. खोकला, दमा आणि पानांवर बसलेल्या थरामुळे पिकाची खुंटलेली वाढ हे तिच्याही वाट्याला येते.

नांदेड जिल्ह्यात वाळूचा उपसा मुख्यतः गोदावरी, मांजरा व पैनगंगा या नद्यांतून होतो. ग्रॅनाइटच्या प्रदेशातून येणाऱ्या मांजरेची तांबूस वाळू बांधकामाला उत्तम मानली जाते आणि तिला तेलंगणातही मागणी आहे. नदीत वाळू पुरातून येते. पण गोदावरीवर जायकवाडी, विष्णुपुरी, बाभळी आणि मांजरेवर धनेगावचे धरण व निजामसागर असे अडथळे उभे राहिल्यापासून वरून येणारा गाळ-वाळूचा ओघ धरणांत अडकतो. येणे घटले आणि उपसा वाढला. वाळूचा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि सावकाश काठच्या विहिरींना देतो. तो खरवडला की पात्र खोल जाते, विहिरींची पातळी उतरते, पुलांचे पाये उघडे पडतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहराचा पाणीपुरवठा मांजरेवर होता. ती टंचाई सलग दुष्काळांची होती, वाळूउपशाची नव्हे. पण अशा तुटीच्या प्रदेशात नदीची पाणी धरण्याची शक्ती आपल्या हाताने कमी करणे किती महागात पडते, ते सांगायला नको.

उपशाची बेकायदा पद्धत ठरलेली आहे. पात्रात बांबूचे तराफे सोडले जातात, मजूर पाण्याखालची वाळू टोपल्यांनी वर काढतात. मोठ्या प्रमाणावर असेल तर बोटीवर सक्शन पंप बसवतात. काठावर ढीग पडतो, जेसीबी तो टिप्पर किंवा हायवामध्ये भरते आणि उजाडण्यापूर्वी गाड्या रस्त्याला लागतात. महसूल पथक तराफे जाळते, बोटी नष्ट करते. काही दिवसांनी नवे तराफे येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि ४८(८) प्रमाणे वाहने व यंत्रे जप्त करण्याची तरतूद आहे. दंड सरकारजमा होतो. ज्याची विहीर आटली त्याच्या हाती त्यातले काही पडत नाही, हा या कायद्यातला मोठा दोष होय.

खडी क्रशरचे प्रदूषण आवरणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. धूळ सर्वांत जास्त उठते ती दगड जबड्यात पडतो तिथे आणि पट्ट्याच्या टोकावरून खडी-कच ढिगावर कोसळते तिथे. या जागा पत्र्याने बंद करणे, पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत, आवारातले पक्के रस्ते, ते नियमित झाडणे व भिजवणे आणि कडेने झाडांच्या रांगा एवढे उपाय केंद्रीय मानकातच लिहिलेले आहेत. यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर तरंगत्या धूलिकणांचे प्रमाण दर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत असले पाहिजे. पण फवारे तपासणीच्या दिवशी सुरू असतात की रोज, हे शेजारच्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्याचे म्हणणे नोंदवण्याची सोय नियमित पाहणीतच असली पाहिजे.

सुरुंगांचा प्रश्न या भागात विशेष नाजूक आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लोक विसरलेले नाहीत. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे जमिनीतून गूढ आवाज येत होते. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के नांदेडलाही जाणवले. अशा गावात दुपारी भांडी थरथरली तर तो सुरुंग होता की धक्का, हे कळायला मार्ग हवा. सुरुंग उडवण्याची ठरलेली वेळ ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, आधी भोंगा वाजवणे, वेळ बदलली तर दवंडी किंवा मोबाइल संदेश देणे याला फारसा खर्च येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये वस्तीपासून दगडखाणीचे किमान अंतर सुरुंग नसतील तर १०० मीटर व असतील तर २०० मीटर सुचवले.

काम संपलेली खदान हा वेगळा धोका आहे. उभ्या कड्यांचा खड्डा पावसाने भरतो आणि पोहायला उतरणारी मुले व पाणी प्यायला आलेली जनावरे त्यात बुडतात. खोदताना कडा पायऱ्यांच्या ठेवणे, वरची सुपीक माती बाजूला राखून शेवटी पसरणे, कुंपण घालणे, गढूळ पाणी ओढ्यात सोडण्याआधी खड्ड्यात निवळू देणे हे पुनर्वसनाचे मूळ उपाय. साठलेले पाणी शेतीला किंवा मत्स्यपालनाला वापरता येते. मात्र स्फोटकांतील अमोनियम नायट्रेटचे अवशेष आणि यंत्रांचे तेल त्यात उतरलेले असू शकते, म्हणून पिण्यासाठी वापरण्यापूर्वी तपासणी आवश्यक. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवेल अशी स्थिती करण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी, असा आदेश दिला. गायरानावर खदानी असलेल्या गावांना या आदेशाचे मोल सर्वांत जास्त आहे.

लोकांना माहिती देण्याची व्यवस्था कागदावर भक्कम आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली जनसुनावणी, तिची ३० दिवस आधी जाहिरात आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अशा तरतुदी आहेत. २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार खटल्यातील आदेशाने ५ हेक्टरखालील गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक झाली. अडचण पुढे आहे. लहान पट्ट्यांना जनसुनावणी लागत नाही आणि या दोन जिल्ह्यांतील खदानी बहुतेक लहानच. एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत असलेल्या खदानींचा समूह धरून त्यांचे क्षेत्र एकत्र मोजायचे, असे २०१६ ची सुधारणा सांगते. समूह नीट मोजला गेला तरच गावाला सुनावणी मिळते. मोजणीवर लक्ष ठेवण्याचे कारण हेच.

दुसरा मार्ग जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा. कोणत्या नदीत किती वाळू आहे, कोठे उपसा चालेल, कोठे नाही, हे त्यात लिहावे लागते. मसुदा २१ दिवस जनतेच्या हरकतींसाठी खुला ठेवावा लागतो. नदीत दरवर्षी किती वाळू नव्याने येते याचा पुनर्भरण अभ्यास नसेल तर असा अहवाल ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. हे अहवाल बहुधा इंग्रजीत आणि संकेतस्थळाच्या कोपऱ्यात असतात. ज्यांची विहीर पणाला लागली आहे त्यांच्या भाषेत अहवाल नसेल, तर त्या २१ दिवसांना अर्थ उरत नाही.

किनवट व माहूर तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्रात गावांचे हात अधिक बळकट आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तेथे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे. लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या इतर तालुक्यांत गावाच्या मताचे वजन राज्याच्या वाळू धोरणावर अवलंबून राहते. हे धोरण २०१८ पासून २०२५ पर्यंत अनेकदा बदलले : २०२३ मध्ये शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रासने विक्री आली, २०२५ मध्ये पुन्हा लिलाव आणि घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत मोफत वाळू. गेल्या वर्षीचा नियम यंदा लागू आहे का, हे तलाठ्यालाही तपासावे लागते.

निधीची वाट २०१५ मध्ये उघडली. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा पिण्याचे पाणी, आरोग्य, पर्यावरण अशा कामांवर प्राधान्याने खर्चायचा असतो; २०२४ च्या सूचनांनी या कामांचा वाटा ६० वरून ७० टक्के केला. आटलेल्या विहिरीचे पुनर्भरण आणि खदानीचे कुंपण या दोन्ही कामांची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने येथे करता येते. ठराव २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत घ्यावा, खदानीचा गट नंबर त्यात लिहावा, प्रत जिल्हा खनिकर्म कार्यालयात द्यावी आणि तिची पोच घ्यावी.