गडचिरोली जिल्ह्यांतील आरोग्यदूत-पद्धति

लढाया, तह व राज्यकर्त्यांचे अंमल यांचीं साधनें संशोधक आस्थेनें जमवितात. परंतु ज्या मुलखांत शस्त्र चालतें, तेथील रयतेच्या घरीं मूल आजारी पडलें असतां औषध कोण देतें, हा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो. प्रस्तुत निबंधांत गडचिरोली जिल्ह्यापुरता त्याचा विचार केला आहे.

१. परिस्थिति. चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजीं हा जिल्हा अस्तित्वांत आला. मुलूख अरण्याचा, वस्ती विरळ, पावसाळ्यांत वाटा बंद. त्यांतच १९८० च्या सुमारास आंध्रांतून नक्षलवादी पथकें येथें शिरलीं व पुढें कित्येक दशकें रक्तपात चालला. ८ ऑक्टोबर २००९ रोजीं भामरागड तालुक्यांत लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजीं कुरखेडा तालुक्यांत जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस व एक वाहनचालक प्राणांस मुकले. अशा ठिकाणीं रात्रीं आजारी मूल घेऊन वाट चालणें व अनोळखी माणसास दार उघडणें या दोन्ही गोष्टी धोक्याच्या होतात. जें औषध गांवाबाहेर आहे तें अशा वेळीं नसल्यासारखेंच.

नक्षलवादी येण्यापूर्वीं, २३ डिसेंबर १९७३ रोजीं, बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प स्थापिला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें वस्ती करून राहिले. वैद्यानें लोकांत येऊन राहावें, ही पहिली पायरी होय. वैद्याची विद्याच गांवाच्या हातीं द्यावी, ही दुसरी. पुढील विवेचन या दुसरीचें आहे.

२. प्रारंभ. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोलींत 'सर्च' संस्थेचें काम आरंभिलें. लोक रुग्णालयांत कां येत नाहींत, हें त्यांनीं लोकांसच विचारलें. मोठ्या इमारतीची व पांढऱ्या कपड्यांची भीति वाटते, आप्तांस रोग्याजवळ राहूं देत नाहींत, अशीं उत्तरें आलीं. तदनुसार १९९३ सालीं शोधग्राम येथें झोपड्यांच्या धर्तीवर दवाखाना उभा राहिला व त्यास मां दंतेश्वरीचें नांव मिळालें.

तत्पूर्वीं मुलांच्या न्यूमोनियाचा प्रयोग झाला होता. निरक्षर दाईलाहि रोग ओळखतां यावा म्हणून एक मिनिटाची वाळूची घटिका व मण्यांच्या दोन ओळी असें साधन केलें. दर दहा श्वासांस एक मणि सरकवावयाचा. दोन महिन्यांखालील मुलास पांच हिरव्या मण्यांनंतर, त्याहून मोठ्यास चार हिरव्यांनंतर लाल मणि येई. मिनिट संपण्यापूर्वीं लाल मणि सरकला कीं औषध द्यावयाचें. अंक न येणारा हातहि येथें निदान करूं लागला. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें ५८ गांवांत पांच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनियानें होणारा मृत्यु हजारीं ८.१ होता, तर तुलनेच्या ४४ गांवांत तो १७.५ होता.

३. नवजात बालकें. १९९५ पासून ३९ गांवांत गांवच्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. त्या बाळंतपणास हजर राहत, बाळ तोलीत, ऊब देत, वारंवार घरभेटी देत, आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसल्यास आईबापांच्या संमतीनें जेंटामायसिनचें इंजेक्शन देत. अल्पशिक्षित स्त्रीच्या हातीं सुई द्यावी काय, हा वादाचा मुद्दा होता. त्याचें उत्तर आकड्यांनीं दिलें. १९९३-९५ मध्यें हजारीं ६२ असलेला नवजात-मृत्यु १९९७-९८ मध्यें २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गांवांत तो ५७.७ वरून ५९.६ झाला. हे आकडे डिसेंबर १९९९ मध्यें 'लॅन्सेट' नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

४. परीक्षण. दोन गोष्टी येथें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. ऊब, स्तनपान, घरभेट व इंजेक्शन हे उपाय एकत्र योजलेले असल्यामुळें यशाचें सर्व श्रेय एकट्या औषधास देतां येत नाहीं. तसेंच हा प्रयोग सशस्त्र संघर्षाचा परिणाम मोजण्यासाठीं रचलेला नव्हता. तथापि त्यावरून इतकें खास सिद्ध होतें कीं, रस्ता, वाहन व परका डॉक्टर यांची वाट न पाहतां पुष्कळ बालकें त्यांच्या घरींच वांचवितां येतात. जेथें संघर्षामुळें हीं तिन्ही साधनें प्रथम खुंटतात, तेथें या सिद्धान्ताचें मोल अधिक.

२०११ सालीं घरभेटींची ही पद्धति केंद्र सरकारनें आशा कार्यकर्त्यांकडे सोंपविली. यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगीसारखीं, गडचिरोलीच्या अरण्यापासून दूर असलेलीं गांवेंहि तिच्या कक्षेंत आलीं. मात्र इंजेक्शन आशांच्या नेहमीच्या कामांत आलें नाहीं. म्हणजे घरभेट सर्वत्र पोंचली. परंतु प्रयोगाचा जो गाभा, गांवच्या स्त्रीवर विद्येसह टाकलेला पूर्ण विश्वास, तो अर्धाच पोंचला. गडचिरोलीच्या इतिहासांत चकमकींच्या तारखा नोंदल्या जातीलच. त्यांच्याशेजारीं या आरोग्यदूतांच्या वह्यांतील जन्ममृत्यूच्या नोंदींसहि स्थान मिळावें. त्या मुलखांत कोण मेलें याबरोबरच कोण वांचलें, हें सांगणारें साधन तेंच आहे.