तीव्र कुपोषण : उपचार केंद्राकडून घराकडे

दुष्काळ वा युद्धग्रस्त भागांतील तीव्र कुपोषित बालकांवर पूर्वी उपचार केंद्रातच उपचार होत. औषधी दूध स्वच्छ पाण्यात कालवावे लागे आणि इतर मुलांना घरी सोडून मातेला कित्येक आठवडे केंद्रात राहावे लागे. १९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान या फ्रेंच तज्ज्ञांनी शेंगदाणे, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे यांचे घट्ट मिश्रण तयार केले. त्याच्या ९२ ग्रॅमच्या पाकिटातून ५०० किलोकॅलरी मिळतात. त्यात पाणी मिसळावे लागत नसल्याने दूषित पाण्याचा धोका टळतो.

नायजरमधील २००५ च्या अन्नसंकटात ‘मेदसँ सां फ्राँतिएर’ने साठ हजारांहून अधिक बालकांवर उपचार केले, त्यांतील बहुतेक बालके घरीच राहून बरी झाली. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींनी या पद्धतीला मान्यता दिली.

सहा ते ५९ महिन्यांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित मानले जाते. भूक मंदावलेल्या किंवा अन्य गंभीर आजार असलेल्या बालकाला मात्र दाखल करावेच लागते. त्याला प्रथम ‘एफ-७५’ हे सौम्य दूध थोडे थोडे देतात. कारण क्षीण झालेल्या शरीराला एकाएकी दिलेला भरपूर आहार प्राणघातक ठरू शकतो.