धूरवाहिनीतील मेद आणि विकरांचा इतिहास

उपाहारगृहाच्या भट्टीवरून उठणारी वाफ आपल्यासोबत तेलाचे सूक्ष्म कण वर नेते. निवताच ते जाळ्यांवर, पंख्यावर व धूरवाहिनीच्या पत्र्यावर बसतात. हा थर केवळ अस्वच्छतेचा विषय नव्हे. कढईतील ज्वाळा त्यास लागली की आग नळातून छपरापर्यंत पोहोचते. खरवडणे, वाफेचा झोत आणि कॉस्टिक सोडा हे त्यावरील जुने उपाय होत. पैकी सोडा मेदाचा साबण करतो खरा, परंतु जाळी ॲल्युमिनियमची असल्यास तिलाही खातो. अलीकडील दशकांत याच कामी विकरे व जीवाणू योजले जातात. त्या योजनेचे मूळ मात्र शरीरक्रियाविज्ञानात आहे.

मेद म्हणजे मेदाम्ले व ग्लिसरीन यांचा संयोग, हे शेव्रल याने १८२३ मध्ये प्रतिपादिले. स्वादुपिंडाचा रस तोच संयोग फोडतो, हे क्लोद बर्नार याच्या १८५६ च्या प्रबंधात सविस्तर आले. १९१३ मध्ये ओटो र्‍योम याने स्वादुपिंडाचा अर्क धुलाईसाठी वापरण्याचे पेटंट घेतले. तथापि पुढील अर्धशतकात धुलाईच्या उद्योगात पुढे आली ती प्रथिने फोडणारी विकरे. मेदभेदक विकर, म्हणजे लायपेझ, मागेच राहिले. यास दोन कारणे होती. लायपेझ तेल व पाणी यांच्या सीमेवरच कार्य करते. आणि ते पुरेशा प्रमाणात देणारा सूक्ष्मजीव हाती नव्हता. दुसरी अडचण १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नोवो कंपनीने दूर केली. एका उष्णताप्रिय बुरशीचे जनुक तिने ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीत घातले. जपानमध्ये सोयाचा रस व मिसो आंबविणारी बुरशी ती हीच.

पहिली अडचण कायम आहे, व धूरवाहिनीत ती अधिकच जाणवते. तेथील पत्रा तप्त व कोरडा. विकरास तर ओलावा हवा. शिवाय जुना थर हा निव्वळ मेद नसतो. उष्णतेने व हवेतील प्राणवायूने त्याचे रेणू एकमेकांस जखडून लाखेसारखे कठीण कवच बनते, आणि त्या नव्या बंधांवर लायपेझची मात्रा चालत नाही. त्यामुळे ताजा थर नित्य फवाऱ्याने हटविणे शक्य, परंतु वर्षानुवर्षांचे कवच खरवडण्यावाचून गत्यंतर नाही. फवारा बसविला म्हणून तपासणी सोडणे घातक ठरेल.

याहून कमी चर्चिली जाणारी बाब कामगारांची आहे. विकरयुक्त धुलाईच्या भुकटीमुळे कारखान्यातील कामगारांस श्वसनविकार जडल्याचे १९६९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर विकरावर आवरण चढवून त्याचे दाणे करण्यात आले व धूळ घटली. फवाऱ्यास हा मार्ग उपलब्ध नाही, कारण त्याचे सामर्थ्यच सूक्ष्म थेंबांत आहे. पंखा चालू असता ते थेंब वर ओढले जातात. तो बंद असता ते भट्टीपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या श्वासात उतरू शकतात.