कार्थेजच्या तुरुंगातील आनंद

रक्तसाक्ष्यांच्या चरित्रांतील आनंदाकडे आम्ही थोड्या संशयानेच पाहतो. पुष्कळदा तो मरणाऱ्याचा नसतो, मागाहून लिहिणाऱ्याचा असतो. म्हणूनच पर्पेतुआ आणि फेलिसितास यांच्या हौतात्म्याची कथा सांगणारा छोटा लॅटिन ग्रंथ आम्हांस मोलाचा वाटतो. त्यातही संपादक आहेच. पण मधली काही प्रकरणे खुद्द पर्पेतुआने तुरुंगात लिहिली, असे तोच सांगतो, आणि बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केले आहे.

विबिया पर्पेतुआ ही सुमारे २२ वर्षांची, कुलीन घरातील, शिकलेली विवाहिता. पदरी अंगावर पिणारे मूल. इ. स. २०३ मध्ये, सम्राट सेप्तिमियस सेव्हेरसच्या कारकिर्दीत, रोमन आफ्रिकेत तिला काही सोबत्यांसह पकडण्यात आले. त्यांत फेलिसितास ही गरोदर दासीही होती. नवऱ्याचा पर्पेतुआच्या लेखनात उल्लेखच नाही. त्यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे, आम्ही ती वाचवतो.

कोठडीत गेल्यावर तिने प्रथम नोंदवली ती भीती. असा अंधार तिने कधी पाहिला नव्हता. गर्दीचा उकाडा, शिपायांची दांडगाई, आणि या साऱ्यांवर बाळाची काळजी. दोन डीकनांनी पहारेकऱ्यांचे हात ओले केले, तेव्हा काही तास बऱ्या जागी बसता आले. तेथे तिने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजले. पुढे मूल जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली, आणि तो तुरुंग तिला एकाएकी 'प्रायतोरियम' वाटू लागला. प्रायतोरियम म्हणजे सुभेदाराचा वाडा. साहित्याच्या विद्यार्थ्याने या शब्दापाशी जरा थांबावे. तिच्या लेखनात दिव्य दृष्टान्त पुष्कळ आहेत: शस्त्रांनी वेढलेली स्वर्गाची शिडी आहे, तिच्या पायथ्याशी अजगर आहे. पण तुरुंगाचा वाडा झाला तो त्यांच्या आधी, मांडीवर परत आलेल्या बाळामुळे.

या आनंदाची किंमत कोणी मोजली, हेही ती लपवत नाही. तिचा बाप ख्रिस्ती नव्हता. पहिल्या भेटीत तिने त्याला जवळचे एक भांडे दाखवून विचारले, याला दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का? मीही जी आहे त्याहून वेगळी म्हणवून घेऊ शकत नाही. तर्क बिनतोड, पण पुढच्या भेटीत म्हातारा तिचे हात चुंबतो, पायांवर पडतो, मुलीला 'बाईसाहेब' म्हणू लागतो. आपल्या साऱ्या कुळात आपल्या यातनांचा आनंद न होणारा हा एकटाच, असे ती हळहळून लिहिते. आनंद आणि हळहळ एकाच वाक्यात! न्यायासनापुढे हिलारियानुसने त्याला छडीने मारविले, तेव्हा तो मार तिला स्वतःला बसल्यासारखा वाटला. शिक्षा सुनावल्यावर तिने बाळ मागवले. बापाने दिले नाही. बाळाने मग दूध मागितले नाही आणि तिची छातीही दुखली नाही, ही तिला देवाची इच्छा वाटली. आमच्या मते येथे आनंद नाही, सुटकेचा एक श्वास तेवढा आहे.

७ मार्चच्या खेळांच्या आदल्या दिवशी तिचे लेखन थांबते. पुढचे ज्याला लिहायचे त्याने लिहावे, असे ती सुचवते, आणि संपादक ते मनापासून लिहितो. फेलिसितासला तुरुंगातच मुलगी झाली. रानटी गायीने उडवल्यावर पर्पेतुआने सुटलेले केस सावरले, कारण मोकळे केस हे शोकाचे चिन्ह. चित्र देखणे आहे. त्यातली शांती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ती दुरून पाहिलेली आहे, इतकेच.

पर्पेतुआच्या स्वतःच्या पानांत बाप शेवटचा दिसतो तो खेळांचा दिवस जवळ आला असताना. तो दाढीचे केस उपटून जमिनीवर फेकतो, पालथा पडतो, आपल्या वयाला शिव्या देतो. त्याच्या दुर्दैवी म्हातारपणाचे आपल्याला दुःख झाले, असे ती लिहिते. त्यानंतर तो ग्रंथात येत नाही.