अंगठा न मागणारा गुरू

१९८५ मध्ये भारत सरकारने क्रीडा-प्रशिक्षकांसाठी एक राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला आणि त्याला द्रोणाचार्यांचे नाव दिले. ज्या गुरूने निषादाच्या मुलाला विद्या नाकारली आणि तो स्वतःच्या बळावर धनुर्धर झाला तेव्हा दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागून घेतला, तोच गुरू या देशाला आदर्श वाटला. नाव निवडणाऱ्यांना त्यात काही वावगे दिसले नाही. आपल्याला दिसते. कारण आपण ही कथा एकलव्याच्या बाजूने वाचतो.

हा पुरस्कार सुरू होण्याच्या बावीस वर्षे आधी हैदराबादचा एक शिक्षक कर्करोगाने वारला. सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे नाव. मी खेळाडू नव्हे, फुटबॉलचा नुसता शौकीन आहे. पेशाने मास्तर आहे. म्हणूनच या मास्तराविषयी लिहावेसे वाटते.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तेथेच फुटबॉल खेळले आणि पुढे शाळेत शिकवू लागले. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्याकडे आला. मुंबईच्या कूपरेजवर भरणारा रोव्हर्स कप या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. मोठमोठ्या क्लबांची नावे मिरवणाऱ्या त्या स्पर्धेत साध्या पोलीस शिपायांचा संघ दरवर्षी येई आणि कप घेऊन जाई. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हाही प्रशिक्षक तेच होते.

पण त्यांचे मोठेपण विजयांपेक्षा पराभवानंतर दिसते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी मात्र दोष केवळ पायांत शोधला नाही, खेळाच्या रचनेत शोधला. १९५३ मध्ये हंगेरीने इंग्लंडला वेंब्लीवर ६-३ ने हरवले. त्या खेळातले तत्त्व त्यांनी हेरले आणि आपल्या संघात रुजवले. चेंडू एकट्याने पायात खेळवत बसू नये, म्हणून ड्रिब्लिंगला मनाई असलेले सामने त्यांनी भरवले. दुबळा पाय तयार व्हावा म्हणून फक्त त्याच पायाने खेळण्याचे सामने भरवले. ही सारी वर्गातल्या मास्तराची रीत आहे. जे कच्चे आहे त्याचाच सराव जास्त.

बूट सक्तीचे झाले खरे. पण ते गरिबाच्या पोराने आणायचे कोठून? सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीत तुळसीदास बलराम नावाचा मुलगा वाढत होता. घरी दारिद्र्य. बलराम यांनी पुढे सांगितले आहे की, एका चांभाराने टाकून दिलेल्या पोलिसी बुटांतून त्यांना खेळायचे बूट करून दिले. मोल दोन रुपये. ते दोन रुपयेही आईकडे हट्ट करून मिळवावे लागले. हा मुलगा रहीमसाहेबांच्या नजरेस पडला. हैदराबादला सरावाला ये, असे त्यांनी सांगितले. यायला पैसे नाहीत, असे मुलगा म्हणाला. तेव्हा भाड्याच्या सायकलीसाठी त्यांनी रोज एक रुपया दिला. बलराम १९५६ च्या ऑलिंपिकला गेले आणि देशातल्या सर्वश्रेष्ठ आघाडीपटूंत गणले गेले.

या प्रसंगापाशी मी पुनःपुन्हा थांबतो. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जो घोष आपल्या कानांवर सतत आदळतो, त्याचे उत्तर या एका रुपयात आहे. बलराम यांच्या पायात गुण होताच. पण अम्मुगुडा ते हैदराबाद हे अंतर त्या गुणाने कापले नसते. ते सायकलीने कापले. त्या चांभाराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही, पण भारतीय फुटबॉलच्या इतिहासात त्याच्या आरीचाही वाटा आहे.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. संघ चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत त्याहून वर कधी गेला नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा गेला. इस्राएल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने यजमानांवर टीका केली होती, म्हणून प्रेक्षक भारतावर चिडलेले. जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्यालाच आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यातही केला. त्याच कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक आले. प्रशिक्षकाला तेव्हा आजाराने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही.

बाळू पळवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही, हे आपण जाणतो. रहीमसाहेबांची उपेक्षा त्या जातीची नव्हे, दोन्हींची गल्लत करू नये. त्यांना विस्मृतीने मारले. २०२४ मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. बलराम यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या जोडीचे पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी पद्मश्री झाले, तसे बलराम झाले नाहीत. २०२३ मध्ये तेही गेले.

एकलव्याला धनुष्य पेलत होते. त्याला हवा होता तो एक गुरू, जो विचारील, “बाळ, येतोस कसा? भाड्याला पैसे आहेत का?” आपल्यापैकी जे शाळांत शिकवतात, वस्त्यांत अभ्यासिका चालवतात, पोरांना मैदानावर नेतात, त्यांनी पुरस्काराच्या नावाकडे पाहू नये. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलाकडे पाहावे, आणि त्याला शिक्षा करण्याआधी तो किती लांबून चालत आला, एवढे विचारावे.