भाड्याचा ट्रेलर आणि वाटेतली मदत

घर बदलताना सामान भाड्याच्या ट्रेलरमध्ये भरायचे आणि तो ट्रेलर आपल्याच मोटारीला जोडून न्यायचा, ही पद्धत अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. महाराष्ट्रात सामान हलवायला टेम्पो येतो तो ड्रायव्हर आणि क्लीनरसकट. वाटेत टायर बसला तर जॅक लावून स्टेपनी चढवणे हे त्यांचे काम असते, सामानाच्या मालकाने फार तर टॉर्च धरायचा. अमेरिकी पद्धतीत माणूस मिळत नाही, नुसते वाहन मिळते. त्यामुळे ते वाटेत मोडले तर धावून यायचे कोणी, हा प्रश्न या धंद्याला जन्मापासून चिकटलेला आहे.

रस्त्यावर अडलेल्या मोटारीला मदत करण्याची व्यवस्था मात्र याहून जुनी आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन 1902 मध्ये शिकागोत स्थापन झाली. मिसूरीतल्या मोटार क्लबने 1915 मध्ये सेंट लुइस शहरात रविवारी मोटारसायकलवरून फिरणारी माणसे नेमली. वाटेत बंद पडलेल्या मोटारी शोधून त्या चालू करून देणे एवढेच त्यांचे काम. पुढच्याच वर्षी टेनेसीतल्या चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने जुन्या कॅडिलॅकच्या सांगाड्यावर खांब, कप्पी आणि साखळी बसवून मोटार ओढून नेणारी गाडी तयार केली. ओढ्यात पडलेली एक मोटार दोरखंड आणि माणसांच्या बळावर बाहेर काढताना झालेली दमछाक हे त्यामागचे कारण. या सगळ्या सोयी मोटारीच्या मालकासाठी होत्या. मोटार एकाची आणि तिच्यामागची पेटी दुसऱ्याची, असा प्रसंग तेव्हा कोणी विचारात घेतला नव्हता.

तो प्रसंग 1945 नंतर रोजचा झाला. नौदलातून सुटलेले लेनर्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांना लॉस एंजेलिसहून पोर्टलंडला बिऱ्हाड हलवायचे होते आणि एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडता येईल असा ट्रेलर त्यांना मिळेना. साठवलेले सुमारे पाच हजार डॉलर घालून त्यांनी त्याच वर्षी ‘यू-हॉल’ कंपनी काढली. वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफील्डजवळ ॲना मेरी यांच्या माहेरच्या मळ्यावर पहिले ट्रेलर तयार झाले. त्यांना भडक नारिंगी रंग दिला आणि दिवसाचे भाडे ठेवले दोन डॉलर.

स्वतःची दुकाने उघडायला भांडवल नव्हते, म्हणून हे ट्रेलर पेट्रोल पंपांच्या आवारात उभे राहिले. पंपवाल्याला भाड्यातला वाटा मिळे. दूरच्या गावी निघालेल्या गिऱ्हाइकालाच तिथला एखादा पंपवाला या कामाला तयार करायला सांगितले जाई आणि त्याबद्दल भाड्यात सूट दिली जाई. अशा रीतीने गिऱ्हाइकांच्याच हातांनी विणलेले हे जाळे दहा वर्षांत बहुतेक सगळ्या राज्यांत पोहोचले.

या जाळ्याचा एक मोठा गुण ठरवून आणलेला नव्हता, तो आपसूकच आला. त्या काळचा अमेरिकी पेट्रोल पंप म्हणजे अर्धे गॅरेज असे. तिथे हवा भरायचे यंत्र, गाडी उचलायचा लिफ्ट, ग्रीसचा डबा आणि हात काळे झालेला एक मेकॅनिक असायचा. ट्रेलर भाड्याने देणारा माणूसच पाना घेऊन वाकणारा होता. ट्रेलर सुस्थितीत ठेवण्यात त्याचा स्वार्थ होता, कारण तक्रार घेऊन गिऱ्हाईक त्याच्याच दारात येणार. पुढच्या गावच्या पंपावरही तोच नारिंगी रंग दिसला की मदत मागायला जागा सापडे. रस्त्यावरच्या मदतीचे वेगळे खाते नसतानाही मदत मिळत होती, ती या रचनेमुळे.

ट्रेलरला अशी मदत का लागते हे त्याच्या चाकाजवळ वाकून पाहिले की कळते. ट्रेलरची चाके बहुधा मोटारीच्या चाकांपेक्षा लहान असतात. तेवढेच अंतर कापायला ती जास्त वेळा फिरतात, आणि वर संसाराचे वजन असते. चाकाच्या मधल्या बेअरिंगमधले ग्रीस आटले किंवा त्यात पाणी शिरले की बेअरिंग तापू लागते. आधी जळक्या ग्रीसचा वास येतो, मग चाकाच्या मध्याला हात लावणे अशक्य होते, मग धूर निघतो. पुढे बसलेल्या चालकाला यातले काहीच जाणवत नाही. मोटारीची स्टेपनी इथे सहसा चालत नाही, कारण टायरचा आकार आणि बोल्टांची जागा वेगळी असते, आणि मोटारीचा जॅक ट्रेलरच्या आसाखाली नीट बसेलच असेही नाही.

जोडणीचा प्रश्न तर त्याहून अवघड. सुरुवातीच्या भाडेकऱ्यांच्या मोटारींना ट्रेलर ओढायचा हूक नसे. म्हणून बंपरलाच साखळी-पट्ट्यांनी आवळून बसवायची तात्पुरती जोडणी पंपावर मिळे. तेव्हाचे बंपर जाड पोलादाचे असल्याने ते जमत होते. 1973 पासून अमेरिकेत मंद गतीची धडक सोसणारे बंपर सक्तीचे झाले आणि नव्या नमुन्याच्या बंपरांवर ही आवळपट्टी बसेनाशी झाली. मोटारीच्या सांगाड्यालाच कायमचा हूक लावणे हा मार्ग उरला.

वजन कसे भरले आहे यावरही बरेच अवलंबून असते. जड सामान पुढच्या भागात ठेवावे, निम्म्याहून जास्त भार आसाच्या पुढे यावा, हा नियम आहे. कपाट आणि पुस्तकांची खोकी मागे गेली की वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो आणि मोटारीलाही ओढत नेतो.

1956 च्या कायद्याने 41,000 मैलांचे आंतरराज्य महामार्ग मंजूर झाले आणि मदतीचे गणित बदलले. जुना रस्ता गावागावांतून जाई, पंप कडेलाच असे. नव्या महामार्गावर ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर जाता येई, त्यामुळे पंप रस्त्यापासून दूर सरकले. बंद पडलेला माणूस कडेच्या पट्टीवर, भरधाव ट्रकांच्या वाऱ्यात, चालत जाण्याच्या टप्प्यात काहीही नसताना अडकू लागला. शिकागोत 1960 च्या सुमारास राज्य सरकारचीच गस्तीपथके महामार्गावर फिरू लागली. 911 या क्रमांकावरचा पहिला फोन 1968 मध्ये अलाबामातल्या हेलीव्हिल गावी झाला. जिवावरचा प्रसंग यातून टळे, पण ट्रेलरचे चाक त्यातून दुरुस्त होत नव्हते.

खरा घाव 1973 च्या तेलटंचाईने घातला. त्याआधी अमेरिकेत सव्वादोन लाखांच्या आसपास पेट्रोल पंप होते, पुढच्या काही वर्षांत त्यांतले हजारो बंद पडले. जे टिकले त्यांतल्या अनेकांनी गॅरेजचा भाग काढून टाकला. गिऱ्हाईक स्वतःच पेट्रोल भरू लागले आणि लिफ्टच्या जागी थंड पेये व बिस्किटांचे दुकान आले. भाड्याचे ट्रेलर मग कंपन्यांच्या स्वतःच्या मोठ्या केंद्रांत किंवा गोदामवाल्यांकडे आणि लहान दुकानदारांकडे ठेवले जाऊ लागले. भाडे घेणारा हात आणि पाना धरणारा हात इथे वेगळे झाले. आजवर चालत आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या फारकतीत आहे, भाडेकऱ्याच्या हलगर्जीपणात नाही.

मेकॅनिकची जागा टेलिफोनने घेतली. बिघाड झाला की एका मध्यवर्ती क्रमांकावर फोन करायचा, तिथला माणूस जवळच्या कंत्राटी टो ट्रकवाल्याला कळवणार. कंत्राटदाराला फेरीमागे ठरावीक दर मिळतो. रात्री दूरच्या, कमी दराच्या कामाला तो नकार देऊ शकतो, आणि मग तोच फोन दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जातो. दोन तासांचे पाच तास होतात ते असे. फोनवरच्या माणसाला ना तो रस्ता माहीत असतो, ना ट्रेलर दिसत असतो.

जबाबदारीही फाटते. मोटार भाडेकऱ्याची म्हणून ती मोटार क्लबच्या कक्षेत, पण क्लबच्या साध्या सदस्यत्वात मागचा ट्रेलर बहुधा येत नाही. ट्रेलर कंपनीचा, पण मोटार बंद पडली तर ती कंपनीची बाब नव्हे. किल्ली आत राहणे, चिखलात रुतणे अशा गोष्टींसाठी कंपन्या वेगळ्या शुल्काची योजना विकू लागल्या. ट्रेलरांची देखभाल आणि सुरक्षितता यांवर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने 2007 मध्ये लेखमाला छापली, तेव्हा हा विषय देशभर चर्चेत आला.

हल्ली भाडेकऱ्याचे ठिकाण मोबाइलवरून कळते, त्यामुळे शोधाशोध कमी झाली आहे. प्रत्यक्ष काम मात्र तेवढेच अवघड आहे. सपाट पाटाचा टो ट्रक मोटार वर घेतो, पण भरलेल्या ट्रेलरसाठी बहुधा दुसरे वाहन मागवावे लागते. चाक जागेवर बसत नसेल तर बदली ट्रेलर येतो आणि अंथरूण, भांडी, पाळणा, पुस्तकांची खोकी महामार्गाच्या कडेला उतरवून पुन्हा भरावी लागतात. ते काम भाडेकरूच करतो.