ऋणमोचनचे वाळवंट

वऱ्हाडाला समुद्र नाही. परमेश्वराने आम्हांला काळी माती दिली, पांढरे सोने दिले, मे महिन्यात अंडे उकडून निघावे असे ऊन दिले. पण समुद्र देताना त्याचा हात आखडला. आमच्या वर्गातली मुले भूगोलाच्या वहीत निळ्या पेन्सिलीने अरबी समुद्र रंगवतात, आणि त्यांतली कित्येक तो न पाहताच शाळा सोडतात. म्हणून चार जिवलग मंडळी जमवावी, शिदोरी बांधावी आणि पाण्याकाठी वाळूत लोळत एक दिवस घालवावा, ही हौस फक्त मुंबईकरांची आणि कोकणवासीयांची मिरास आहे, असे मात्र कोणी समजू नये. ती हौस वऱ्हाडानेही पिढ्यान्‌पिढ्या भागवली आहे. आमचा समुद्रकिनारा म्हणजे पूर्णेचे वाळवंट.

'वाळवंट' म्हटले की आजच्या विद्यार्थ्याला उंट आणि राजस्थान आठवते. जुन्या मराठीला आठवे ते नदीचे पात्र. वारकऱ्यांचा मेळा जमतो तो चंद्रभागेच्या वाळवंटात, आणि तेथे उंट नसतात, माणसे असतात. पूर्णा सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावते. अमरावती, अकोला, बुलढाणा असे जिल्हे ओलांडीत पश्चिमेकडे वाहते, चांगदेवापाशी तापीला मिळते, आणि तापी सुरतेवरून समुद्राला जाते. समुद्र आमच्याकडे आला नाही हे खरे. आमचे पाणी मात्र नित्य त्याच्या भेटीला जात आले आहे.

या पूर्णेच्या काठी, अमरावती जिल्ह्यातल्या भातकुली तालुक्यात, ऋणमोचन नावाचे गाव आहे. तेथे मुद्गलेश्वराचे मंदिर आहे आणि पौष महिन्यातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. पौष म्हणजे थंडीचा ऐन भर. कपाशीची वेचणी बरीचशी उरकलेली, संक्रांतीचा तिळगूळ घरोघर, आणि पाऊस ओसरल्याने नदीच्या पोटातली वाळू उघडी पडलेली. जुन्या काळी पहाटेच बंड्या जुंपल्या जात, लेकुरवाळ्यांसाठी दमणी. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी वाट जागी होई. स्नान झाले, देवदर्शन झाले, की खरी यात्रा सुरू. पोरे वाळूत झिरे उकरीत, आणि तळाशी पाणी पाझरू लागले की खजिना सापडल्यासारखी ओरडत. सासुरवाशिणीला माहेरची माणसे भेटत. पुरुषमंडळी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजायला बसत. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. जेवण झाले की तापलेल्या वाळूवर पाठ टेकून गप्पा. एरवी वर्षभर वाकलेली पाठ त्या दिवशी सरळ होई.

ज्या शेतकऱ्याला आठवड्याची सुट्टी ठाऊक नव्हती, त्याच्या लेखी या दिवसाचे मोल काय असेल, ते महिन्याच्या रविवारांची चैन भोगणाऱ्या आपल्याला सहज कळायचे नाही. मुंबईच्या गिरणी कामगारालाही रविवार फुकट मिळाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला, तेव्हा कुठे १८९० साली ती सुट्टी पदरात पडली. चौपाटीच्या वाळूत सहकुटुंब बसलेल्या कामगाराचा रविवार असा मिळवलेला होता. आणि तो ज्या गिरण्यांत राबे, तिथे वऱ्हाडचा कापूसही जाई. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, आणि तेव्हापासून आमच्या कापसाच्या गाठी झपाट्याने मुंबईच्या बंदराकडे धावू लागल्या. समुद्र आम्ही पाहण्याआधी आमच्या कापसाने पाहिला!

पण या कापसानेच ऋणमोचन या नावाला एक निराळा, जिव्हारी लागणारा अर्थ दिला. शास्त्रकार देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगतात. वऱ्हाडच्या कुणब्याला चौथे ऋण पक्के ठाऊक होते, आणि ते सावकाराच्या वहीत लिहिलेले असे. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले. वाढलेला खर्च आणि काढलेले कर्ज तेवढे मागे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने उरलेसुरले मोडून टाकले. ऋणमोचनला बुडी मारणाऱ्याने डोळे मिटून कोणते ऋण फिटण्याची प्रार्थना केली असेल, हे सांगायला पंडित नको.

याच मुलखात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी, देबूजी झिंगराजी जानोरकर नावाचा परिटाचा एक पोरका मुलगा मामाकडे वाढला. त्याचा जन्म अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा, १८७६ सालचा. मामाची कसदार जमीन सावकाराच्या कर्जात बुडाली. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण देबू त्यांना आडवा झाला, अशी हकिगत चरित्रकार सांगतात. बाप दारूने गेलेला, मामाची जमीन कर्जाने गेलेली. सण, बारसे, लग्न यांच्या पायी घरे कशी बसतात, हे या मुलाने पोथीत वाचले नाही, अंगणात पाहिले. मुलीच्या बारशाला मद्यमांसाचे जेवण घालण्याची जातीची रीत होती. त्याने पंगतीत गोडधोड वाढले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. पुढे महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणू लागला.

घर सुटले, पण ऋणमोचन सुटले नाही. पौषातल्या यात्रेत हातात खराटा, अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचे फुटके खापर, अशी ही मूर्ती दिसू लागली. लोक नदीवर आनंद करायला येत. बाबा त्या आनंदाच्या मागे उरलेली घाण काढायला येत. काठ चिखलाने निसरडा झालेला, स्नानाला आलेली म्हातारीकोतारी घसरून पडत; बाबांनी तो चिखल उपसला, आणि १९०८ साली तेथे घाट बांधला गेला. गावोगाव ज्या धर्मशाळा, सदावर्ते आणि पाणवठे त्यांच्या प्रेरणेने उभे राहिले, त्यांची सुरुवात या नदीकाठी झाली. यात्रेत आंधळ्या, पांगळ्या, महारोगी माणसांना ते पंगतीला बसवून जेवू घालीत. ज्यांना पाहून इतर लोक पदर सावरून दूर सरकत, तेच बाबांचे पाहुणे.

आणि रात्री कीर्तनात त्यांचा सवाल असे तो साधा हिशेबाचा. कर्ज काढून सण केलास तर देव पावला की सावकार? पाण्यात बुडी मारून ऋण फिटत असते, तर नदीतले मासे आधी सावकार झाले नसते का, असे कोणाच्याही मनात यावे, असा त्या सवालांचा रोख असे. मराठीत 'ऋण काढून सण' ही म्हण होतीच. बाबांनी ती वऱ्हाडी माणसाच्या समोर आरशासारखी धरली. त्यांना सणाचे वावडे नव्हते. त्यांनी यात्रा मोडली नाही, रोडगे विझवले नाहीत, पोरांचे झिरे बुजवले नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की तुमच्या आनंदाचा बोजा दुसऱ्याच्या डोक्यावर नको आणि उद्याच्या तुमच्या डोक्यावरही नको. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वलगावच्या पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. नदीकाठाने त्यांना शेवटपर्यंत सोडले नाही.

आता बंड्यांची जागा मोटारींनी घेतली आहे. आमची मुले सुट्टीत रेल्वेने मुंबई गाठतात, पुढे गणपतीपुळ्याला जातात, मनसोक्त समुद्र पाहतात, आणि ते योग्यच आहे. इकडे नद्यांच्या पात्रांतली वाळू ट्रकांत बसून शहरांच्या इमारतींकडे निघाली आहे. वाळवंट गेले की उरतो तो नुसता खड्डा. आणि खड्ड्यात पंगत बसत नाही. पूर्वजांचे आपल्यावर ऋण असते, हे शास्त्राने सांगितले. नातवंडांचेही असते, हे या उघड्या पडलेल्या नद्या सांगत आहेत.

'सुट्टी' हा शब्द 'सुटणे' या क्रियापदाच्या घरचा. ऋणमोचनातल्या 'मोचना'चा अर्थही सुटकाच. दोन्ही शब्द एका वाळूत शेजारी शेजारी बसलेले मला दिसतात. ज्या दिवसानंतर कोणाचे देणे उरत नाही आणि कोणाला आपला उकिरडा उपसावा लागत नाही, तोच दिवस खरा सुट्टीचा. मग तो समुद्राकाठी जावो की पूर्णेकाठी. घरोघर दिवे लागलेले असताना यंदाच्या खर्चाची वही मिटण्यापूर्वी एवढे एक कलम पाहून घ्यावे. पौष काही फार दूर नाही.